तेहतीस बुटक्या पायऱ्या

रझ्कीकाका रोज सकाळी नऊला माझ्या खिडकीशी येतात, एक तिकीट घेतात आणि गाडीत मात्र बसत नाहीत. नव्या पोरी हसतात. मी त्यांना डोळे वटारते, कारण मी काकांच्याच इमारतीत वाढले.

अल्जिअर्सची मेट्रो खणायला घेतली तेव्हा मी पाळण्यात होते आणि ती धावली तेव्हा मला दोन पोरं होती. आमच्या स्टेशनचा इतिहास एवढाच. काका तिथे काँक्रीटसाठी फळ्यांचे साचे ठोकणारे, सेंट्रिंगचे सुतार होते, आणि आमच्या चढावरच्या वस्तीकडे निघणारा जिना त्यांच्या वाट्याला आला होता.

त्यांच्या बायकोचे, जहियाखालाचे, गुडघे ऐन तिशीत गेले होते. तिची धाकटी बहीण फादिला शहराच्या दुसऱ्या टोकाला अंथरुणाला खिळलेली. खालाला बसमध्ये चढवेना, म्हणून ईदला टॅक्सी आणि एरवी फोन. "मेट्रो होऊ दे, अकरा मिनिटांत पोचशील," काका म्हणायचे.

नकाशात पायरी सतरा सेंटिमीटर उंच होती. काकांनी साहेबाच्या मागे लागून ती चौदा करून घेतली. सत्तावीस पायऱ्यांच्या तेहतीस झाल्या.

"म्हाताऱ्यांसाठी बांधतोयस का रे?" साहेब म्हणाला.

"साहेब, मेट्रो होईपर्यंत आपण सगळे म्हातारेच होणार!"

शेवटच्या पायरीचं काँक्रीट पडलं त्या दिवशी खाला परात भरून कुसकुस घेऊन आली. घराचा स्लॅब भरला की आम्ही कामगारांना कुसकुस घालतो.

"खाला, इथे घर बांधताय होय?" मुकादमाने चिडवलं.

"घरच की! नवरा तर इथेच राहतो."

फळ्या निघाल्यावर ती परात परत न्यायला आली आणि भिंतीला हात न लावता तेहतीसही पायऱ्या उतरली. वर येऊन म्हणाली, "अहो, दुखलं नाही हो!" काकांनी हे आम्हाला शंभरदा सांगितलंय.

मग नव्वदीतली ती यादवीची काळी वर्षं आली. गल्लीतून माणसं नाहीशी होत होती, तिथे मेट्रोचं कोणाला पडलंय? खड्ड्यावर पत्रे पडले. काम पुन्हा निघालं तेव्हा साहेब नवे, नकाशाही नवा. या बाजूला प्रवासी कमी, म्हणून आमच्या जिन्याचं तोंड रद्द. खाली भिंत घातली, वर स्लॅब टाकून फुटपाथ केला. राहिलं ते हमरस्त्यापलीकडचं तोंड, त्याला अठ्ठावन्न उभ्या पायऱ्या.

काकांनी हे घरी सांगितलं नाही; खाला गुडघ्यांमुळे उतारावर यायचीच नाही. "होतंय, फरशी चालू आहे," असं चार वर्षं म्हणत राहिले. मला मेट्रोतच नोकरी लागली होती, मला सगळं ठाऊक होतं. मीही तोंड शिवून बसले. त्याची लाज मला अजून वाटते.

गाडी सुरू झाली त्या दिवशी खाला पांढरा हाइक पांघरून, फादिलासाठी खजुराचे मक्रूत घेऊन उतारावर आली. मी ड्यूटीला निघाले होते. ती फुटपाथवर उभी राहून इकडेतिकडे बघत होती.

"अहो, जिना कुठे आहे?"

"खाली आहे," काका बुटांकडे बघत म्हणाले.

"आणि तोंड?"

"बुजवलं."

मला वाटलं, आता आकांत करील. तिने एवढंच विचारलं, "मग चार वर्षं फरशी कसली घालत होतात?" मक्रूतचा डबा माझ्या हातात दिला आणि काकांचाच दंड धरून घरी गेली.

जानेवारीत खाला गेली. मेट्रोने बहिणीला भेटायचं राहिलं ते राहिलंच.

काका तिकीट घेऊन फलाटाच्या टोकाला त्या भिंतीशी बसतात. भिंतीपलीकडच्या जिन्यावरून आजवर एकच प्रवासी उतरलाय. परवा न राहवून मी म्हणाले, "काका, अकरा मिनिटं तर आहेत. खालाला जमलं नाही, तुम्ही तरी फादिलाला भेटून या."

त्यांनी तिकीट नीट खिशात ठेवलं.

"मी कुठे जातोय, पोरी? मी तिला सोडायला आलोय."