ताई रस्ता ओलांडते

अंबरनाथहून बदलापूरकडे जाणाऱ्या समस्त ट्रकचे ब्रेक तपासायचं काम देवाने माझ्या मामेबहिणीवर सोपवलं होतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी उल्हासनगरची, मे महिन्यात अंबरनाथला मामाकडे जायची. ताई तेरा वर्षांची, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. पण रुबाब असा, की रस्ता जणू तिच्या आजोळहून आंदण आलाय. आम्हा चार-पाच पोरींची पलटण मागे उभी असली, की ती वेण्या उडवत थेट गाड्यांत घुसायची. एकदा एका ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि डोकं बाहेर काढून तो ओरडला, "ए लडकी, घर पे बोलके आयी क्या?" पलीकडे पोचलेली ताई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हां, बोलके आयी! जेवून पण आयी!"

गंमत म्हणजे मामीने एकटीला कोथिंबीर आणायला पाठवलं, की हीच ताई दूरवरच्या बैलगाडीलाही वाट द्यायची. मी गॅलरीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. विचारलं, तर म्हणाली, "एकटी असताना धावून काय करू? बघायला कोण असतं?" आणि मग हळूच, "तुमच्यासमोर थांबलं ना, की लहान असल्यासारखं वाटतं गं."

एका दुपारी अशीच धावताना तिची नवी चप्पल रस्त्याच्या मधोमध निसटली. मामीच्या भीतीने ती चपलेसाठी मागे वळली, आणि पापडाचे खोके भरलेला एक टेम्पो किंचाळत तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. टेम्पो चालवणारे म्हातारे सिंधी काका खाली उतरले. आता शिव्यांची फैर, म्हणून ताई उत्तर जुळवून तयारच होती. पण काका मटकन कडेला बसले. घामाने डबडबलेले. म्हणाले, "बेटी, मेरे पैर काँप रहे हैं. उधर चाय की टपरी तक छोड दे."

ताईने काकांचा हात धरला, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, एक सायकल जाऊ दिली, आणि आम्हा सगळ्यांच्या देखत मुंगीच्या पावलांनी त्यांना पलीकडे नेलं. आम्ही कुणीच हसलो नाही.

पुढच्या मे महिन्यात ती माझं मनगट घट्ट पकडून, पार मोठ्या बाईसारखी, रस्ता ओलांडायला लागली. मामी खूश होती. मी मात्र तिच्या मागे चालताना सारखी वाट पाहत होते, की आता तरी ही माझा हात सोडेल आणि वेण्या उडवत धावत सुटेल.