मध्यस्थीचा परवाना, मुदत एक वर्ष

शिवलिंगअण्णांची आणि माझी पहिली भेट बातमीच्या निमित्ताने झाली. अण्णा सोलापुरातले सुताचे व्यापारी. दुकानाच्या मागच्या खोलीत ते लोकांची भांडणे मिटवतात, असे कानावर आले होते. मी शाळेत संस्कृत शिकवतो आणि उरलेल्या वेळात वृत्तपत्राला बातम्या पाठवतो. दोन्ही कामांत प्रमाण मागण्याची खोड लागते. मी विचारले, "आपल्याकडे मध्यस्थीचा परवाना आहे काय?"

अण्णा विचारात पडले. "रेडिओचा हाय. सायकलचा हाय. भांडनाचा कुटं काढायचा, तुमीच सांगा की."

बातमी राहिली आणि मी त्यांचा शिष्य झालो. परवाना नसला तरी अण्णांचा अभ्यासक्रम कडक. पहिले सहा महिने उमेदवाराने फक्त पाणी द्यायचे, जास्त रागावलेल्याला आधी, आणि तोंड उघडायचे नाही. मग परीक्षा: एकाचे गाऱ्हाणे दुसऱ्याला असे सांगायचे, की पहिल्याने "व्हय, आसंच" म्हणावे.

माझ्या परीक्षेला दोन भाऊ आले, घरी कन्नड बोलणारे. अंगणात भिंत घालायला विटा येऊन पडल्या होत्या आणि भिंतीच्या कुठल्या बाजूला राहणार, हे म्हाताऱ्या आईला कोणी विचारले नव्हते. धाकटा कळवळून म्हणाला, "मला न इचारता ह्यानं वीट आणला."

"आणली," मी म्हणालो. "वीट स्त्रीलिंगी."

थोरला उठला. "मास्तर, माज्या भावाला शिकवू नगा. आमच्या घरात वीट पुल्लिंगीच हाय."

"हाय की," धाकटा म्हणाला.

कित्येक महिन्यांतले हे त्यांचे पहिले एकमत. ते संध्याकाळपर्यंत वाढत गेले आणि त्या विटांचा आईला बसायला कट्टा झाला.

"भांडन मिटलं," अण्णांनी निकाल दिला. "तुमी नापास."

पेठेत मात्र त्यांनी "मास्तरांनी मिटवलं" असेच सांगितले. मी नापास झाल्याची वार्ता आज प्रथमच, माझ्याच लेखणीने बाहेर पडत आहे.

मी पुन्हा पाणी देऊ लागलो. पुढे दोन शेजाऱ्यांच्या वादात एकजण म्हणाला, "नळाला पाणी आला न्हाय." तोंडापर्यंत आलेली दुरुस्ती मी गिळली आणि विचारले, "कधीपासून?" अण्णांनी खणातून सायकलच्या परवान्याचा जुना पितळी बिल्ला काढून माझ्या हातावर ठेवला. "हा परवाना. मुदत एक साल. दरसाल हितं येऊन नवा करायचा."

आज अण्णांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. नूतनीकरणाचा अधिकार त्यांनी दुसऱ्या कोणालाही दिलेला नाही, आणि माझी खोड काही सुटलेली नाही. तेव्हा शंभरीपर्यंत ठणठणीत राहण्यावाचून अण्णांना गत्यंतर नाही. दरसाल बिल्ला घेऊन मी दारात उभा राहणार आहे.