मागचा व्हरांडा

मीरा, सोनू, काल तुम्ही गावच्या सिव्हिल हॉस्पिटलमधल्या संगमरवरी पाटीचा फोटो पाठवलात आणि लिहिलंत, "आजी, इंग्रज किती चांगले होते ना?" म्हणून आज लिहितेय.

मॅट्रिकला असताना तीच पाटी मी माझ्या आजीला वाचून दाखवली होती. घरात इंग्रजी येणारी मी पहिलीच, त्यामुळे ऐटीत अर्थ सांगितला, की हे हॉस्पिटल जातपात न पाहता सर्वांसाठी खुलं आहे. फिनेलच्या त्या वासात आजीनं इमारतीच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं.

"मग आम्हाला मागल्या व्हरांड्यात का ठेवलं?" ती म्हणाली. "तुझा थोरला काका तापानं फणफणत होता. डॉक्टर इंग्रज नव्हे, देशीच, वरच्या जातीचा. पण दारातूनच विचारायचा, हात लावायचा नाही. औषध घरच्या मगात वरून ओतायचे. तिसऱ्या दिवशी पोर गेलं."

"अगं, पण दगडावर खोटं कसं लिहितील?" मी तिलाच म्हणाले.

"दगडाला काय, कोराल ते कोरून घेतो."

पाटी लावणाऱ्या त्या इंग्रज साहेबांचा, त्या डॉक्टरचा आणि त्या दिवशी पाटीची बाजू घेणाऱ्या माझा मला अजून संताप येतो.

पाटी शाबूत आहे, तुम्ही पाहिलीत. आजीचा तो पोचे आलेला जर्मनचा मगही इथे, माझ्या ओट्यावर आहे.