डोंगरमाथ्यावरून मायची परात

माझी पहिली नोकरी लागली उस्मानाबाद जिल्ह्यात आणि वर्षभरात, जागची न हलता, मी लातूर जिल्ह्यात गेले. जिल्हा नवा झाला होता. जळकोटच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला आमची दोन खोल्यांची शाळा. तिथे एवढाच फरक पडला की कागदांवरचा शिक्का बदलला. मीही हौसेने मायला पत्र लिहिताना पाठवणाऱ्याच्या पत्त्यात 'जि. लातूर' असं ठसठशीत लिहिलं आणि तिथेच घात झाला.

माय राहायची त्याच डोंगराच्या पलीकडे, नांदेड जिल्ह्यात. तिला वाचता येत नव्हतं. पोस्टमनने पत्ता वाचून दाखवला आणि तिने ठरवूनच टाकलं की पोरीची लातूरला बदली झाली. मजुरी करून तिने मला शिकवलं होतं, घरात आम्ही दोघीच. त्यात ते साल दुष्काळाचं. मी गावी गेले तर दारातच सुरुवात.

"लातूर लई लांब हाय पोरी. सोड ती नोकरी. इथं दोघी मिळून काय बी करू."

मी परोपरीने सांगितलं की शाळा तीच, खोली तीच, आपल्या गावामागे दिसतो त्या डोंगराच्या पायथ्यालाच मी आहे. पण जळकोटपर्यंत चालत, तिथून मुखेडची एसटी, मुखेडहून दुसरी एसटी, मग फाट्यावरून परत चालत, असा माझा अर्धा दिवस जायचा.

"डोंगरामागंच असतीस तर यवढा येळ कामून लागला असता?" मायने विचारलं. हे खरं तर एसटीवाल्यांना विचारायला हवं होतं.

शेवटी असं ठरलं: पुढच्या रविवारी, सावली पायाखाली आली की, मी डोंगरमाथ्यावर असेन. मायने माळवदावर चढून पितळेची परात उन्हात धरायची, मी वरून आरसा चमकवायचा. एकमेकींना दिसलो तर नोकरी राहिली. नाही दिसलो तर राजीनामा. मी तिचीच लेक, शब्द देऊन बसले.

रविवारी सकाळी पावडरच्या डब्याशेजारचा पत्र्याच्या चौकटीचा आरसा, दोन भाकरी, जवसाची चटणी आणि फिरकीच्या झाकणाचा तांब्या भरून पाणी घेऊन निघाले. डोंगर खालून बरा दिसायचा. जवळ गेल्यावर त्याने रंग दाखवला. पायाखाली निसटता मुरूम, वर काळे दगड, मध्ये वाळलेलं गवत. त्या गवताची कुसळं लुगड्यात अशी भरली की मला वाटलं, अर्धा डोंगर मी बरोबरच घेऊन चालले आहे. पायवाट दहा पावलं चालायची आणि नाहीशी व्हायची. अर्ध्यावर उजव्या चपलेचा अंगठा तुटला. तो सेफ्टी पिनेने जोडला आणि डोंगराला दोन शिव्या दिल्या. आसपास कुणी नव्हतं, म्हणून तीन दिल्या.

एका बोरीच्या सावलीत शेळ्या घेऊन एक म्हातारबा बसले होते. त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"कुनीकडं निघालाव बाई?"

"वर."

"वर देव न्हाई."

"माहीत आहे."

"पानी बी न्हाई."

"तेही माहीत आहे."

"मंग?"

"मायला भेटायला," मी म्हणाले. त्यांनी काठीने डावीकडची घळ दाखवली. "तिकडनं जावा. दगड हालत न्हाईत." खुळ्या माणसालाही वाट नीट सांगणारा माणूस मला फार आवडतो.

माथ्यावर पोचले तेव्हा घामाने आंघोळ झाली होती, आणि त्या साली ती चैनच होती. वर सपाट माळ, वारा आणि एक तरवडाचं झुडूप. पलीकडच्या कड्याशी गेले आणि खाली आमचं गाव! गावातल्या शाळेची पांढरी भिंत, कडुलिंब, दाटीने बसलेली माळवदं. इतकं जवळ की मला हसूच फुटलं. सावली पायाखाली आली. मी डोळे फाडून पाहायला लागले.

आणि चमकलं! आनंदाने ओरडले. मग त्याच्या शेजारी चमकलं. मग आणखी एक, मग दहा, मग वीस. विहिरीपासून रस्त्यापर्यंत चकाकती रांगच लागली होती. परात एक आणि चमकणारं गावभर! थोड्या वेळाने डोक्यात उजेड पडला. टँकर आला होता. हंडे, घागरी, कळशा, घरात होतं नव्हतं ते सगळं पितळ लोकांनी रांगेत मांडलं होतं. त्यात मायची परात कुठली, कोण सांगणार? मी वेड्यासारखी आरसा हलवत राहिले, हात भरून येईपर्यंत. मग भाकरी खाल्ली आणि रडवेली होऊन उतरले. शब्द दिला होता. राजीनामा लिहिला, पिशवीत घातला आणि पुढच्या रविवारी दोन एसट्या बदलून घरी गेले.

माय चुलीपुढे भाकरी भाजत होती. परात भिंतीला टेकलेली, घासायला लावलेली राख तशीच वाळलेली.

"त्या रव्वारी म्या माळवदावर कुटं जाती," मी काही बोलायच्या आत ती म्हणाली. "परात घासाया घेतली, तर तवाच आठ दिवसानं टँकर आला. लायनीत व्हते. तर समद्या बाया म्हनाया लागल्या, डोंगरावर काय चमकून राहिलं? म्या म्हनलं, माझी मास्तरीण हाय ती! दोनी हात वर करून हालवत राहिले बघ, लायन सोडून. तवर नंबर गेला. निम्माच हंडा मिळाला."

हे सांगताना ती हसत होती. कोपऱ्यातला हंडा मी पाहिला. तळाशी थोडं पाणी होतं.

"हात दिसले का माझे?" तिने विचारलं.

एवढ्या उंचावरून हात कसे दिसणार?

"दिसले," मी म्हणाले. "दोन्ही दिसले."

"मंग ऱ्हा तिकडंच," माय म्हणाली आणि राखेची परात पुसायला घेतली. "लांब न्हाईस."

मी पिशवीतला कागद काढला आणि चुलीत घातला. काय आहे ते तिने विचारलं नाही. त्यावर भाकरीही जरा फुगली.