सरावापुरता घुमारा

भर सप्ताहात, माइकसमोर बसून, मी मागं वळून विचारलं होतं, "मागं कोण म्हणतंय?"

आणि देवळावरच्या कर्ण्यातून अख्ख्या आळीला ऐकू गेलं, "म्हणतंय... म्हणतंय... म्हणतंय..."

मागं कुणीच म्हणत नव्हतं. माझाच आवाज होता तो. साऊंडवाल्यानं त्या वर्षी नवीन इको आणला होता आणि तो कुणाला सांगून लावायची त्याला गरज वाटली नव्हती. मी पहिली ओळ टाकली, श्वास घेतला, तेवढ्यात तीच ओळ वरून परत आली. मला वाटलं, टाळ धरणाऱ्यांपैकी कुणीतरी माझ्याआधीच उचलतंय. म्हणून रागानं वळले. बायका हसून हसून आडव्या झाल्या. पेटीवरच्या काकींनी घाईघाईनं गजर धरला, म्हणून वेळ निभावली. मी बाकीचा वेळ पदर तोंडावर घेऊन बसले होते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आम्ही वरसे गावात दोन खोल्यांत राहत होतो, रोह्याला लागूनच. मी मूळची बीडकडची, डोंगरातली. सातवीनंतर शाळा सुटली, कारण पुढची शाळा दुसऱ्या गावात होती आणि मुलीला तिकडं कोण पाठवतंय. लग्न झालं तसं नवऱ्याच्या मागं इकडं आले. तो रसायनाच्या कंपनीत शिफ्टला जायचा. माझं माहेर म्हणजे एक अख्खा दिवस एसटीत बसायचं, तेव्हा कुठं यायचं. पहिली दोन वर्षं मी कुणाशी फार बोललेच नाही. "काय करायलाव?" असं आमच्या बीडकडच्या बोलीत म्हटलं की नळावरच्या बायका एकमेकींकडं बघायच्या.

गाण्यानं मला माणसांत आणलं. मी ब्लाउज शिवायची, आणि मशीन चालवताना तोंडानं काहीतरी चालूच असायचं. काकी एकदा माप द्यायला आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. त्या पेणकडच्या खाडीकाठच्या, मिठागरवाल्या घरातल्या. रोह्यात दिलेल्या. आळीतलं बायकांचं भजनी मंडळ त्यांनीच उभं केलं होतं आणि पेटीही त्याच वाजवायच्या. मला म्हणाल्या, "ही ओळीचं शेपूट एवढं लांब कुठं शिकलीस गो?"

आमच्याकडं ओळ संपली तरी शेवटचं अक्षर सोडत नाहीत. ते लांबवत, हलवत, हळूहळू खाली ठेवतात. इकडच्या बायका ओळ झाली की झटक्यात टाळावर येतात. काकींना माझं ते लांबवणं आवडलं आणि त्यांनी मला पुढं बसवलं. हे उपकार मी विसरलेली नाही. आणि म्हणूनच सप्ताहात जे झालं ते जास्त लागलं. मी माझंच नव्हे, त्यांचंही हसू करून ठेवलं होतं.

पुढं महिनाभर नळावर हंडा लावला की मागून आवाज यायचा, "मागं कोण गो?" मग हशा. मीही हसायची. घरी आल्यावर मात्र दार लावून घ्यायची.

शेवटी काकींकडं गेले. म्हटलं, "मला मागं बसवा. टाळ वाजवते."

"का?"

"माझ्यानं व्हायचं नाही."

"माघातल्या गणपतीला पेणजवळ जोह्याला बोलावलंय आपल्याला. गणपतीच्या कारखानदाराचं आमंत्रण हाय. तिथं कोण म्हणंल मग? मी? माझा आवाज बगितलास, बेडूक बरा."

"तिथंही इको असेल."

"असणारच. आता सगळीकडं असतो. तुला सवय नाय, एवढंच हाय."

"सवय कुठं करू? माझ्या घरात काय इको आहे?"

काकींनी पेटीचा भाता बंद केला. "मग घरात आण," म्हणाल्या, मीठ संपलंय तर आण म्हणावं तशा. "आणि जोह्यालाही जमलं नाय तर मी सोताहून तुला मागं बसवीन. मग काय बोलणार नाय."

म्हणजे जोह्याला काय ते ठरणार होतं. पुढं राहायचं की कायमचं टाळ धरायचं.

नवऱ्याला विचारायला जीव घाबरत होता. शिवणाचे पैसे माझेच होते, पण घरात कुकर नवा हवा होता, छत्री हवी होती, आणि मी मागत होते आवाज घुमवायचं यंत्र! तो रात्रपाळी करून यायचा, दिवसा झोपायचा. त्याची झोप मोडू नये म्हणून मी मोरीतल्या निळ्या पिंपात तोंड घालून गायची. कंपन्यांची ती प्लॅस्टिकची पिंपं तेव्हा सगळ्यांच्याच मोरीत पाण्यासाठी असायची. शेवटी विचारलंच, तर त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "घे की. पिंपात बुडून मरशील एखाद्या दिवशी, त्याच्यापेक्षा बरंय." मग कूस बदलून झोपला. मला त्याला काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं, पण तो घोरायलाही लागला होता.

काकी आणि मी एसटीनं पेणला गेलो. गणपतीचं गाव, त्यामुळं ढोल, ताशे, बेंजो, कर्णे, सगळ्यांची दुकानं. काकींच्या ओळखीचं एक होतं, तिथं पेटीही दुरुस्त व्हायची. दुकानदार तिशीतला, कानावर पेन्सिल.

"मावशी, पेटी काय बोलते?"

"पेटी बरी हाय. हिला इको दाखव. घरात सराव करायला. आणि महागातला काढू नको, आम्ही काय ऑर्केस्ट्रा नाय."

त्यानं आधी एक मोठा डबा काढला. बेंजो पार्टीवाले हाच नेतात म्हणाला. माइक जोडून माझ्या हातात दिला. मी घाबरत एक ओळ म्हटली. ती पाच वेळा परत आली. दुकानात पट्टे घ्यायला आलेला एक ढोलवाला म्हणाला, "वा! काय जबरदस्त हाय!" काकींनाही आवडला. मला मात्र जत्रेत हरवल्यासारखं झालं. कोण मी आणि कोण त्या पाच जणी, कळेना. शिवाय किंमत ऐकून आम्ही दोघींनी एकदमच "नको" म्हटलं.

दुसरा डबाही बेंजोवाल्यांचाच, पण लहान. तोही ओळ परत फेकायचा, तीन वेळा. किंमत बरी होती. काकी म्हणाल्या, "हाच घे गो."

तेवढ्यात माझी नजर काचेच्या कपाटात खाली गेली. साबणाच्या पेटीएवढं लोखंडी खोकं, राखी रंगाचं, कोपऱ्याला टवके उडालेलं. विचारलं, हे काय?

"ते नका घेऊ ताई. ते गिटारवाल्याचं आहे. त्याचा ऑर्केस्ट्रा बंद पडला, तो इथं ठेवून गेला. त्याला रिव्हर्ब म्हणतात. त्याच्यात इको नाही."

"मग काय आहे?"

"नुसतं घुमतं. लोकांना वाटतं बिघडलंय."

"लावा तर."

त्यानं वायरी बदलल्या. खोकं जमिनीवर ठेवलं आणि म्हणाला, "पायानं दाबायचं." हे मात्र मला कुणी शिकवायला नको होतं, माझा पाय दिवसभर मशीनवरच असायचा. दाबलं. तांबडा दिवा लागला. मी एक ओळ म्हटली आणि सवयीनं शेवट लांबवला.

आवाज परत आला नाही. तो जाताना दिसला, असं म्हणू का? ओळ संपली आणि तिच्यामागं तिचीच सावली हळूहळू पुसट होत गेली. मी पुन्हा म्हटलं. खोक्याला दोन बटणं होती, एक घुमारा किती हवा त्याचं आणि एक तो किती लांब हवा त्याचं. दुकानदारानं दोन्ही पार फिरवली, तर आवाज रिकाम्या पिंपासारखा बोंबलायला लागला. मी म्हटलं, "नाही हो दादा, अर्धं पिंप भरलेलं असतं ना, तसं करा."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "अर्धं?"

"भरलेलं पिंप आवाज गिळतं. रिकामं ओरडतं. अर्ध्याला ते बरोबर धरतं."

त्यानं हसत हसत बटण थोडं थोडं मागं आणलं. एका जागी मी म्हटलं, "हं, इथं." त्यानं कानावरची पेन्सिल काढून तिथं बारीक खूण केली. भला माणूस होता. जुनं आहे म्हणून किंमतही स्वतःहून उतरवली आणि एक जुना माइक आणि घरच्या टेपरेकॉर्डरला जोडायची वायर वर दिली. वायर खोक्यात खुपसून ठेवली की बॅटरी संपते, सराव झाला की उपसून ठेवा, हेही दोनदा सांगितलं.

एसटीत काकींनी खिडकी पकडली, पिशवी माझ्या मांडीवर दिली. मग म्हणाल्या, "तिथला इको ओळ परत फेकतो आणि तू नुसतं घुमणारं घेतलंस. सवय कसली व्हायची तुला?"

प्रश्न खरा होता. नागोठणं येईपर्यंत मी मांडीवरच्या पिशवीकडंच बघत होते. स्वस्त होतं म्हणून घेतलं की आवडलं म्हणून, तेही सांगता येईना.

उत्तर घरी सापडलं. दुपारी नवरा उठून चहा पिऊन बाहेर गेला की मी दार लोटून टेपरेकॉर्डर, माइक, खोकं जोडायची. पहिल्या दिवसांत मी त्यातही अडखळायची. स्वतःचा आवाज असा बाहेरून ऐकला की मी तो ऐकतच बसायची आणि पुढची ओळ विसरायची. माझी चूक तीच होती. मी म्हणायचं सोडून ऐकत होते. मग ठरवलं, शेवटचं अक्षर सोडायचं, ते पुरतं पुसलं जाईपर्यंत थांबायचं, आणि मगच पुढं जायचं. भिऊन नव्हे, ठरवून थांबायचं. त्या खोक्यानं मला थांबायला शिकवलं. पाच वेळा ओरडणाऱ्या डब्यानं नुसतं पळायला लावलं असतं.

एक दिवस मंडळातल्या चौघी यंत्र बघायला आल्या. प्रत्येकीनं माइकमध्ये "हॅलो हॅलो" केलं.

"ह्यात इको कुठं हाय?"

"फसवलंन गो तुला पेणवाल्यानं."

"पण मंडपात तरी न्यायचं ना? का इथं पिंपालाच ऐकवणार?"

मी म्हटलं, "मंडपात नाही न्यायचं. सरावाला घेतलंय."

"नुसत्या सरावाला?" एकीनं ज्या सुरात विचारलं त्यात सगळं आलं. मी त्यांना चहा दिला. पण त्या गेल्यावर माझ्या लक्षात आलं की या घरात घराच्या, नवऱ्याच्या, देवाच्या कामाची नसलेली, फक्त मला माझं गाणं नीट यावं म्हणून आलेली ती पहिली वस्तू होती. मी ती पुसून मशीनच्या खणात ठेवली, कात्रीशेजारी.

जोह्याला कारखान्याची शेड मोकळी करून सतरंज्या घातल्या होत्या. बाजूच्या फळ्यांवर रंग न दिलेले पांढरे गणपती ओळीनं बसलेले, गुडघ्याएवढ्यापासून माणसाएवढ्यांपर्यंत. मी पदर खोचून माइकसमोर बसले. साऊंडवाला आला, माइक ठोकला, आणि "ठक" पुढं कितीतरी वेळ शेडभर फिरत राहिलं. मागून एकजण हळूच म्हणाली, "आता विचारू नको हां, मागं कोण ते." खिदळल्या सगळ्या. काकींनी पेटीवरून फक्त माझ्याकडं पाहिलं.

मी पहिली ओळ टाकली. शेवट लांबवला. आवाज परत आला, एकदा, दोनदा, तीनदा. मी येऊ दिला. टाळवाल्या गोंधळून थांबल्या, काकींनी सूर धरून ठेवला. तिसरा पुसट झाला तेव्हा मी दुसरी ओळ उचलली. या वेळी टाळवाल्यांना कळलं, त्याही थांबल्या. तिसऱ्या ओळीला आम्ही सगळ्या मिळून थांबलो, आणि शेडमधल्या माणसांनी बोलणं बंद केलं. दारातली पोरं आत येऊन बसली.

गजराला चाल वाढली तसा तो इको आडवा यायला लागला, शब्दावर शब्द. मी गाणं न थांबवता डावा हात उचलला आणि साऊंडवाल्याला बोटांनी खूण केली, कमी कर. त्यानं केलं. मी अजून कमीची खूण केली. त्यानं बटण फिरवलं. बरोबर लागलं तिथं मी मान हलवली. एवढ्या माणसांत मी कुणालातरी काम सांगितलं आणि त्यानं ते ऐकलं, हे मला माझ्याच गळ्यातून गाणं चालू असताना कळत होतं.

जेवायच्या पंगतीत तो साऊंडवाला ताट घेऊन काकींजवळ आला. "मावशी, ह्या ताई कुठल्या ऑर्केस्ट्रातल्या?"

"सातवी शिकलेली हाय," काकी म्हणाल्या, "आणि ब्लाउज शिवते. तुझ्या बायकोचं माप पाठव." मग माझ्या पानात न विचारता आणखी एक मोदक टाकला आणि टाळवाल्यांना ओरडून सांगितलं, "पुढच्या खेपेपासून गौळण पण हीच म्हणंल. कुणाला काय बोलायचं असंल तर आत्ता बोला."

सगळ्यांची तोंडं मोदकांनी भरली होती. मी मान खाली घालून जेवत होते, पण पाठ ताठ करून.