खालचा पाय लांब पाहिजे

रद्दीच्या दुकानात कागद येतो नि जातो, किस्से मात्र बसून राहतात. अकोल्यात जठारपेठेच्या एका बोळात माझं दुकान होतं. तिथले पोतंभर किस्से आहेत, पण आज एकाच गिऱ्हाइकाचे सांगतो. मी शाळेत गेलो नाही, म्हणून मी बोलतोय आणि शेजारचे देशमुख लिहून घेताहेत. यात दोनदा त्यांची फजिती येणार आहे. ती त्यांनी लिहिली की गाळली, हे मला वाचून बघता येत नाही. त्यांच्या इमानावर सोडलंय!

गिऱ्हाईक म्हणजे अँथनी मास्तर. अमरावतीहून रिटायर झालेले, गणिताचे. दर महिन्याला एसटीनं यायचे. कॅथलिक लोकांची जुनी पुस्तकं शोधायचे. प्रार्थनेची, संतांची, धर्मातल्या वादाची. भाषा कोणतीही चालायची.

एकदा विचारलं, "मास्तर, इतकी पुस्तकं वाचता कधी?"

"वाचाले नाही घेत, चाचा. एकच पुस्तक शोधून राहिलो."

घर बदलताना त्यांनी स्वतःच्या हातानं रद्दीचं पोतं दिलं, त्यात त्यांच्या आईचं प्रार्थनेचं पुस्तक गेलं. आई तर त्याआधीच गेलेली. फेरीवाला म्हणाला, माल अकोल्याला गेला. तेव्हापासून मास्तरही अकोल्याला. आईला अक्षर येत नव्हतं. संध्याकाळी दिव्यात तेल घालायची आणि त्याच हातानं पुस्तक उघडून बसायची. प्रार्थना सगळी पाठ.

"मंग पुस्तक कावून पाहिजे?" मी विचारलं.

"ती म्हणे, हातात काही असलं की देवाले खरं वाटते."

मला ती बाई आवडली. म्हटलं, हे पुस्तक आपण शोधायचंच.

*

पण ओळखायचं कसं? मास्तर म्हणाले, "लहान, जाडं, काळं कव्हर. त्यावर क्रूस. आत पहिल्या पानावर आईचं नाव." नावाचा मला उपयोग नव्हता. क्रूस मात्र त्यांनी कागदावर काढून दाखवला.

महिनाभरात मी सतरा पुस्तकं बाजूला काढली. मास्तर आले, एकेक बघत गेले, आणि पोट धरून हसायला लागले.

"चाचा, ही नऊ गणिताची हायेत! हे अधिकचं चिन्ह!"

"अन् ही?"

"ही मलमपट्टीची. दवाखान्याचं चिन्ह!"

मग त्यांनी नीट शिकवलं, "क्रूसाचा खालचा पाय लांब पाहिजे." एवढं एकच अक्षर मी आयुष्यात शिकलो. ती गणिताचीही पुस्तकं मास्तर घेऊन गेले म्हणा. "तीस वर्षं ह्याच पुस्तकायचं खाल्लं," म्हणाले.

*

मी एकदा जेवायला गेलो होतो. देशमुख दुकानात पेपर वाचत बसलेले. मास्तरांनी त्यांना विचारलं, "मिस्साचं पुस्तक आहे का?"

देशमुख आणीबाणीत मिसा कायद्याखाली जेलात होते. ते ताडकन उठले. "तुमीबी होते? बसा, बसा!" स्वतःची खुर्ची दिली. "किती दिवस?"

मास्तर म्हणाले, "दिवस? दर रविवारी असते."

"दर रविवारी?"

"लहानपणापासून."

"पोरायलेबी धरलं होतं?"

"पोरायले तर माय कान धरून नेते!"

देशमुखांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आलो तेव्हा त्यांनी मास्तरांसाठी चहा सांगितला होता आणि सरकारला शिव्या देत होते. मिस्सा म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, हे कळल्यावर चहाचे पैसे मात्र मला द्यावे लागले!

*

देशमुखांचे व्याही नथ्थूजी, चांदूर बाजारकडचे शेतकरी. कापसाचे ते वाईट दिवस. दुकानात बियाण्यांच्या रंगीत जाहिरातींची रद्दी सगळ्यात जास्त यायची. नथ्थूजींनी त्याच उन्हाळ्यात चारा नाही म्हणून बैलजोडी विकली होती. मुलीला भेटायला आले की दुकानात येऊन बसायचे.

एक जाडं इंग्रजी पुस्तक आलं. देशमुखांनी नाव वाचलं आणि लगेच मराठी केलं, "पोपचे बैल."

नथ्थूजी सरळ झाले. "किती हायेत?"

देशमुखांनी पानं उलटली. "शेकड्यानं दिसतात. एकेकाले नाव आहे."

"नाव तं आमीबी ठेवतो." मग हळूच म्हणाले, "इतक्यायले कडबा कुठून आणते तो?"

संध्याकाळी मास्तरांनी सांगितलं की हे बैल नव्हेत, पोपचे हुकूम. शिक्का मारलेल्या कागदाला त्यांच्यात 'बुल' म्हणतात.

नथ्थूजी म्हणाले, "कागदाचे असन तं मीबी शंभर बांधतो दारात!"

त्या उन्हाळ्यात ते तेवढं एकदाच हसले.

*

धामणगाव रेल्वे या गावाहून एका ओळखीच्या रद्दीवाल्याचा निरोप आला, "फादरची बुकं हायेत, दोन पोते." फादर म्हणजे त्यांचे पाद्री. मास्तर आणि मी पॅसेंजरनं गेलो. ज्याच्या घरी पोती होती तो माणूस दारातच म्हणाला, "आमचे फादर मागच्या महिन्यात ऑफ झाले."

मास्तरांनी छातीवर क्रूस केला. "कोणत्या चर्चचे?"

"चर्चचे नाही, आमचेच. माझे फादर!"

पोत्यांत चाळीस वर्षांची पंचांगं! पोराला वाईट वाटू नये म्हणून मास्तरांनी चालू सालचं एक घेतलं. परतीची गाडी तीन तास लेट. मास्तर फलाटावर पंचांग वाचत बसले आणि म्हणाले, "चाचा, आज प्रवास करू नये असं लिहिलं आहे. पंचांगवाला बुवा खरा होता!"

*

मग एक दिवस मास्तर आले ते पिशवी न आणता. "हा आखरी फेरा, चाचा. पोरगी मले पुण्याले नेऊन राहिली."

माझ्याकडे देशमुखांनी वाचून सांगितलेलं एकच पुस्तक त्यांच्यासाठी ठेवलेलं होतं, तेही बिनकव्हरचं. आमच्या धंद्यात पुठ्ठा वेगळा विकतात, कागद वेगळा. पुठ्ठा ओरबाडला की पहिली पानंही जातात. मास्तरांनी चष्मा लावून चाळलं.

"पुस्तक तं तेच. पण अशे माझ्याकडे अकरा हायेत. नावाचं पान नाही. वरच्या कोपऱ्यायले ओलबी लागली." त्यांनी ते खाली ठेवलं आणि एसटीची वेळ विचारली.

मला राहवेना. मी ते उचललं, लोक धरतात तसं दोन्ही हातांत धरलं. खालच्या दोन्ही कोपऱ्यांवर तेलकट डाग होते. माझे अंगठे बरोबर त्यांवर बसले. पान उलटलं, तिथंही तसेच. त्याच्या पुढच्या पानावरही.

देशमुख हसायला लागले. "चाचा, पुस्तक उलटं धरून राहिले तुमी!"

मी ओशाळून फिरवायला गेलो, तर मास्तरांनी माझे दोन्ही हात घट्ट पकडले.

"नका फिरवू, चाचा," ते म्हणाले. "बरोबर धरलं तुमी."