झोळीच्या तालावर

“साफ नही चाचा, माले घान पायजे.”

त्याचं माझं पहिलं बोलणं हे. नंदुरबारला माझं पंखे, मिक्सर आणि लाउडस्पीकर दुरुस्त करायचं दुकान आहे. लोक माझ्याकडे खरखर घेऊन येतात आणि खरखर घालवून घरी नेतात. हा पठ्ठ्या उलटा. गिटारचा अँप्लिफायर घेऊन आला होता. मी दोन दिवस खपून त्याचा आवाज इतका स्वच्छ केला, की त्यावर खुशाल बातम्या ऐकाव्यात. त्यानं एक तार छेडली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या वडिलांची मिशी भादरली होती.

“अरे बेटा, यात खराबी काय आहे?”

“काही खराबी नही शे. हाईच तं खराबी शे.”

मग त्यानं खिशातून दाढीचं ब्लेड काढलं आणि स्पीकरचा कागदी पडदा थोडा चिरून द्या म्हणाला. पडदा फाटला की आवाज गुरगुरतो, आणि त्याला गुरगुरणारा आवाज हवा होता. माझा हात काही होईना. अब्बांनी मला जोडायला शिकवलं होतं, फाडायला नाही. शेवटी त्यानंच चिरला. तार छेडल्याबरोबर शेजारच्या मिरची कांडपवाल्या ताई धावत आल्या. त्यांना वाटलं, आपल्या यंत्राचा पट्टा तुटला. हा खूश!

त्याचं नाव सांगत नाही. तो हे वाचेल आणि भांडायला येईल. शिवाय तुम्ही आमच्याकडचे असाल तर ओळखालच. खांद्यावर रुळणारे केस आणि त्या केसांना चपचपीत खोबरेल तेल. रॉक वाजवणारे लोक केसांना तेल लावत नाहीत म्हणे. पण याच्या आईपुढे रॉकचं काही चालत नसे.

गाव शहाद्याजवळचं कळसाडी. घरी कापूस आणि ऊस. वडील शेती सांभाळून पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात फिटर होते. मुलगा इंजिनिअर व्हायला पुण्याला गेला आणि चार पोरांचा रॉकबँड घेऊन बसला. पुढे बँडमधला एक बँकेत लागला, एक परदेशी गेला, ड्रम वाजवणारा सासऱ्याच्या दुकानात बसला. हा एकटा उरला, तो गिटार घेऊन नंदुरबारला आला आणि लग्नाच्या वराती वाजवू लागला. वडील गावात सांगत, “पोरगं इलेक्ट्रिकचं काम करस.” खोटं नव्हतं ते. गिटार विजेवरच चालायची.

वरातीच्या गाडीवर उभा राहून तो हळदीचं गाणं असं काही वाजवी, की म्हाताऱ्या कानांवर पदर घेत आणि तरीही पुढे सरकत. एकदा त्याची तान इतकी रंगली, की नवरदेवाची घोडी उधळली. मांडव राहिला मागे आणि नवरदेव सापडला रेल्वे फाटकाजवळ, मुंडावळ्या एका कानावर. दोन्हीकडचे पाहुणे याला शोधत होते, वाजवायला नव्हे. नवरीची एक मैत्रीण मात्र रस्त्याच्या कडेला पोट धरून हसत होती. हसून झाल्यावर तिनं याला विचारलं, “परत वाजाडता का? घोडी उनी का सांगस.” घोडी परत आली की सांगते म्हणे!

वर्षभरात त्यांचं लग्न झालं. त्या वरातीत घोडी ठेवली नव्हती.

बायको जमीन मोजणीच्या खात्यात. डोक्याला रुमाल बांधून बांधावर उभी राहिली, की भांडणारे भाऊबंद आपोआप दोन पावलं मागे जात. दोघं माझ्या दुकानाच्या वरच्या खोल्यांत भाड्यानं राहायला आली. मुलगी झाली, रजा संपली, बाई मोजणीला जाऊ लागली आणि बाप मुलगी सांभाळू लागला. आमच्या गल्लीला बोलायला विषय मिळाला. लंगोट वाळत घालणारा केसाळ गडी बघायला बायका उगाच मिरच्या कांडायला आणत. हा वरून ओरडे, “मावशी, कालच तं कांडी नेल्यात! इतलं तिखट कोण खास?”

त्याच दिवसांत त्यानं ठरवलं, की आपला एकट्याचा अल्बम करायचा. सगळं आपणच वाजवायचं, आपणच रेकॉर्ड करायचं. खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या लावल्या. छताच्या कडीला झोळी बांधली. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला, गिटार मांडीवर. एक दिवस वायर द्यायला वर गेलो, तर हा डोळे मिटून वाजवतोय आणि पाय आपला झोका देतोय.

“चाचा, एक गंमत सांगू? मन्हा सगळा गाना एकाच चालवर उनात. झोळीना चालवर. जोरमा वाजाडाले गऊ तं झोळी जोरमा हालस. मंग हळूच वाजाडनं पडस.”

हळू म्हणजे चालीनं. आवाज होता तेवढाच होता. खाली माझ्या फळीवरचे स्क्रू नाचत. शेजारी कांडप यंत्र धडधडत असे. आणि या सगळ्यात ती पोर गाढ झोपलेली! त्याला केवढा अभिमान. येईल त्याला सांगे, “मन्ही आंडेर शे. आंडेर!” मुलीला आमच्याकडे आंडेर म्हणतात, आणि तो हा शब्द असा उच्चारी, जणू पहिली मुलगी जगात त्यालाच झाली.

मग त्याची आई गावाहून आली. चार दिवस तिनं नुसतं पाहिलं. पाचव्या दिवशी भाकरीचं पीठ मळायला परात घेतली, ती हातातून सुटली आणि फरशीवर घणघणली. मी खाली दचकलो, हातातला पेचकस पडला. वर पोर झोपेतून हलली नाही.

म्हातारी झोळीजवळ गेली. पोरीवर वाकून म्हणाली, “या पोरले आयकू येस ना रे?”

संध्याकाळी तो दुकानात आला. गिटार बरोबर होती, पण खोळीत. ती त्यानं माझ्या कपाटावर ठेवली.

“ऱ्हाऊ द्या आठे.” मग म्हणाला, “चाचा, ती पोटमा व्हती तवापाईन मी तिन्हासमोर वाजाडस. मीच करं का हाई?”

मी आवाजांचा कारागीर, पण मशीनच्या आवाजांचा. हातातला मिक्सर उघडून पुन्हा बंद केला.

डॉक्टरांनी सुरतेला तपासणीला पाठवलं. तारीख पंधरा दिवसांनी मिळाली. ते पंधरा दिवस वर इतकी शांतता होती, की मला माझ्याच घड्याळाची टिकटिक त्रास देऊ लागली. गल्ली मात्र शांत बसेना. तुम्हाला खोटं वाटेल, पण जो तो काही ना काही कारण काढून पोरीच्या मागे जाई आणि आवाज करी. एकानं सायकलची घंटा वाजवली. एकीनं ताट आपटलं. कांडपवाल्या ताईंनी कागदी पिशवी फुगवून फोडली, त्यात त्यांची स्वतःचीच म्हातारी सासू ओट्यावरून घसरता घसरता राहिली. पोर कधी वळून पाही, कधी नाही. वळली तरी आवाजाला वळली की ताईंच्या लाल पदराला, यावर वाद. मीसुद्धा एकदा तिच्या मागे उभा राहून हळूच शिट्टी वाजवली. तिनं वळून बघितलं आणि हसली. मी जिना चढून सांगायला निघालो, तेवढ्यात लक्षात आलं, की माझ्या हातात चमकता टॉर्च होता. अर्ध्या जिन्यातून परत आलो.

सुरतेला जाताना तो मला म्हणाला, “तुम्हीबी चाला. तुमले आवाजनं समजस.” मला काय समजणार होतं? पण गेलो. गाडीत बायको मुलीला मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती. रोज हद्दी ठरवून देणारी बाई, पोरीचं टोपडं पुन्हा पुन्हा सोडून बांधत होती.

तपासणीची खोली बंदिस्त, आवाज आत येऊ न देणारी. तिथली मुलगी म्हणाली, “बेबी सो जायेगी, तभी टेस्ट होगा.”

आम्ही तिघंही निश्चिंत. झोपायचं म्हणजे तर हिचा हातखंडा!

पोर झोपेना. दूध दिलं, थोपटलं, खांद्यावर घेऊन येरझाऱ्या झाल्या. ती टक्क जागी. एक तास गेला. आमच्यानंतर आलेली दोन मुलं झोपून, तपासून घरी गेली. तपासणारी मुलगी घड्याळाकडे बघू लागली. आईनं अंगाई म्हटली, तेव्हा तर पोरीनं भोकाडच पसरलं.

बायकोच्या एकदम लक्षात आलं, की घरी गिटार बंद होती तरी शेजारचं कांडप यंत्र होतं, इथं तेही नाही. ती नवऱ्याला म्हणाली, “आठे भलतंच गप शे. तू वाजाड.”

“गिटार तं चाचाना कपाटवर शे.”

“मंग तोंडघाई वाजाड.”

आणि त्या स्वच्छ, पांढऱ्या दवाखान्यात, ‘शांतता राखा’च्या पाटीखाली उभं राहून या गड्यानं तोंडानं गिटार वाजवायला सुरुवात केली. ती चिरलेल्या पडद्याची गिटार! घ्यांव, घ्यांव, घर्रर्र. डोळे मिटलेले, पाय झोक्याच्या चालीवर हलतोय. बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले. एक डॉक्टर दार उघडून बाहेर आले. चौकीदार धावला, त्याला मी मध्येच अडवून हात जोडले आणि म्हणालो, “भाई, दो मिनट. बच्ची सो रही है.” तो माझ्याकडे बघतच राहिला.

दोन मिनिटं लागली नाहीत. पोर मान टाकून झोपली.

मग तिला आत नेऊन कानात बारीक नळ्या घातल्या. मशीनवर रेघा उमटल्या. डाव्या कानाच्या, मग उजव्या कानाच्या. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि दोन्ही कान चांगले आहेत म्हणाले. या आवाजातच वाढली, म्हणून या आवाजात झोपते. पण मग चष्मा काढून त्यांनी बापाला नीट सांगितलं, की एवढे लहान कान नाजूक असतात, मोठ्या आवाजापासून त्यांना लांब ठेवा. आज चांगले आहेत, ते चांगले राहू द्या.

तो दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून हुंदके देऊ लागला. तेल लावलेले केस पुढे पडले होते. बायकोनं मुलीला माझ्या हातात दिलं, त्याच्या शेजारी बसली आणि त्याचे केस मागे सारून बांधून दिले. पोर माझ्या खांद्यावर घोरत होती. खोटं कशाला सांगू, माझेही डोळे कोरडे नव्हते.

परत आल्यावर बायकोनं हद्द आखून दिली. पोरीच्या खोलीत अँप्लिफायर नाही. हा कानावर हेडफोन घालून वाजवू लागला, बाहेर फक्त तारांची बारीक टुणटुण. आधीचं केलेलं त्यानं बरंचसं टाकून दिलं. त्यात आपणच फार ओरडत होतो म्हणाला. नवीन गाणी अर्धी राहिली असताना पोर रांगायला लागली. एका गाण्याच्या मध्यावर ती गिटारला धरून उभी राहिली आणि तिनं सगळ्या तारांवर तळहात मारला. ते गाणं त्यानं परत चार-पाच वेळा वाजवलं, पण जमेना. शेवटी ती थाप तशीच ठेवली.

अल्बम पुरा झाल्यावर एका रविवारी सकाळी माझ्या दुकानात सगळ्यांना ऐकवला. कांडपवाल्या ताईंनी यंत्र बंद ठेवलं, हा मोठा मान होता. गावाहून आई-वडील आले होते. वडिलांनी मुलाचं वाजवणं तोवर कधी बसून ऐकलं नव्हतं. ते स्टुलावर काठी धरून ताठ बसले. पहिलं गाणं संपलं, दुसरं संपलं. गल्लीतले लोक एकमेकांकडे बघत होते, कारण नाचावं की डुलावं हे कळत नव्हतं. थाप आली तेव्हा सगळे हसले. वडील हसले नाहीत.

सगळं संपल्यावर ते म्हणाले, “हाई सगळं तू एकटानी वाजाडं?”

“नही. एक थाप इन्ही शे.”

म्हाताऱ्यानं नातीकडे पाहिलं. मिशीवरून हात फिरवला. “आजून एकदाव लाव,” म्हणाले. “पहिलापाईन.”

पुढच्या वर्षी बायकोची बदली झाली, लांब. सामान टेम्पोनं गेलं आणि ती तिघं रेल्वेनं. मी स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. जाताना त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला. गाडी हलली तेव्हा तो दारात उभा होता. पाठीवर गिटार, एका हातानं दांडा धरलेला, दुसऱ्या हातावर मुलगी. निरोपाला हलवायला त्याच्याकडे हात उरला नव्हता. तो मुलीच्या कानाशी काहीतरी बोलला, आणि तिनं जोरजोरात हात हलवला.

माझ्याकडे नव्हे. फलाटावर माझ्या पायाशी एक कुत्रं बसलं होतं, त्याच्याकडे बघून.

मी तरी हात वर केला. गाडी वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघं, मी आणि ते कुत्रं, तिथंच होतो.